लंडनमध्ये अस्सल ब्रिटिश बन-केक-टार्ट कुठे खाऊ घालू?

चिंचगूळ
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच लंडनला येताहेत, दहा दिवसांसाठी. आम्ही हॅरोला राहतो. टॉवर ब्रिज, ग्रीनिच, म्युझियमं ही यादी झालीये. पण आईची स्वतःची वेगळीच यादी आहे. लहानपणी साताऱ्यात वाचनालयातून इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणून ती वाचायची, आणि त्यातली पोरं म्हणे दर चार पानांनी काहीतरी खात असायची. स्कोन, जॅम टार्ट, जिंजर केक, मनुकांचे बन. स्कोन म्हणजे शंकरपाळ्याचा मोठा भाऊ असणार, असं तिने तेव्हा ठरवून टाकलं होतं (असतो तो जाडसर, गोल, भुसभुशीत बन). आता रोज फोनवर विचारते, "तिथे ते अजून मिळतं ना गं?"

आठ वर्षं इथे राहून मला उत्तर देता येईना. कुठल्याही कॉफीच्या दुकानात जा, क्रोसाँ फ्रान्सचा, सिनमन बन स्वीडनचा, कस्टर्ड टार्ट पोर्तुगालचं. यजमानांचं काय?

आई शाकाहारी आहे. केकमधलं अंडं चालतं, चरबी अजिबात नाही. बाबांचा गुडघा दुखतो, त्यामुळे फार चालणं नको. आणि माणशी सत्तर-ऐंशी पौंडांचा हॉटेलातला चहाही नको, कारण बिल बघून बाबा दुसऱ्या गुडघ्यातूनही जातील.

बेरकीबुवा
'ब्रिटिश' आणि 'खाणं' एकाच वाक्यात? हा धागा विनोदी लेखनात हलवावा ही विनंती.

टेम्सकाठी
बेरकीबुवा, तुम्ही इथे येऊन फक्त चिकन टिक्का खाऊन गेलात, त्यात इंग्रजांचा काय दोष?

चिंचगूळ, डोळे मिटून क्यूला जा. क्यू गार्डन्स या मोठ्या वनस्पती-उद्यानासमोर क्यू रोडवर 'ओरिजिनल मेड्स ऑफ ऑनर' नावाचं जुनं टीरूम आहे. मेड ऑफ ऑनर हे तिथलं खास टार्ट: बाहेर पापुद्र्यांची वाटी, आत फाडलेल्या दुधाचं मऊ, किंचित आंबूस सारण. आठव्या हेन्रीच्या राजवाड्यातल्या दासी हे खात होत्या म्हणून हे नाव, असं सांगतात. ती कथाही तीन-चार प्रकारे ऐकायला मिळते, आपापल्या आवडीची घ्यावी. इमारत दिसते ट्यूडर, म्हणजे त्या हेन्रीच्याच काळातली, पण ती दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यानंतर नव्याने बांधलेली आहे. ईलिंग ब्रॉडवेहून ६५ नंबरची बस क्यू रोडवरूनच जाते, म्हणजे गुडघ्याचाही प्रश्न मिटला. शनिवार-रविवारी मात्र जागा राखूनच जा.

बोरीबंदर
चेल्सी बन विसरू नका. यीस्टच्या कणकेची पोळी लाटायची, तिच्यावर लोणी, ब्राऊन साखर नि काळ्या मनुका पसरायच्या, आळूवडीसारखी वळकटी करून कापायची आणि चकत्या ट्रेमध्ये खेटून लावायच्या. फुगताना जागा पुरत नाही, म्हणून बन गोल न होता चौकोनी होतात. वरून चकाकणारा पाक.

गंमत म्हणजे चेल्सीत जाऊन याचं मूळ दुकान शोधाल तर सापडणार नाही. अठराव्या शतकात तिथे 'बन हाउस' होतं. गुड फ्रायडेला त्याच्या दारात प्रचंड गर्दी उसळायची, राजघराण्यातले लोकही यायचे. १८३९ मध्ये ते पाडलं. त्या काळच्या एका नामांकित लेखकाने १७११ साली एक पेनी देऊन चेल्सी बन घेतला, तो शिळा निघाला आणि आवडला नाही, असं लिहून ठेवलंय.

अबोली७
तीनशे वर्षं झाली तरी रिव्ह्यू पुसला गेला नाही. बिचारे दुकानदार.

बेरकीबुवा
लिहून उरला तो लेखक, दुकान गेलं. आमच्यासारख्या खवचट लोकांना आशा आहे म्हणायची.

चिंचगूळ
बोरीबंदर, आळूवडीची उपमा आईला लगेच कळली! पण आता मिळतो कुठे?

बोरीबंदर
नावाजलेला म्हणाल तर केंब्रिजचा. फिट्झबिलीज, १९२० पासूनचं दुकान. किंग्ज क्रॉसहून ट्रेनने पाऊण-एक तास. आई-बाबांना केंब्रिज दाखवणार असाल तर एका दगडात दोन पक्षी. लंडनमध्येच हवा तर क्राउच एंडला डन्स नावाची जुनी कौटुंबिक बेकरी आहे. तिथे ट्यूब नाही, फिन्सबरी पार्कहून डब्ल्यू-७ बस घ्यावी लागते. काचेच्या कपाटात बन, टार्ट नीट मांडलेले असतात. कुणी फोटो काढायला येत नाही, गल्लीतले आजोबा पाव न्यायला येतात. माझ्या मते हीच खूण.

केळफूल
आईंसाठी एक महत्त्वाची सूचना. मी स्वतः कट्टर शाकाहारी आहे आणि दोनदा फसले आहे, म्हणून पाल्हाळ लावते.

इथल्या जुन्या पदार्थांत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आणि सुएट, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी, सर्रास असायची. ख्रिसमस पुडिंगमध्ये सुएट, मिन्स पायच्या सारणात सुएट, टार्टच्या पारीत कधी लोणी तर कधी लोणी-लार्ड अर्धं-अर्धं. विल्टशरकडे तर लार्डी केक नावाचाच प्रकार आहे, तो निदान प्रामाणिक तरी म्हणायचा! आता बऱ्याच ठिकाणी भाजीचं सुएट किंवा नुसतं लोणी वापरतात, पण गृहीत धरू नका.

मी फसले ती अशी. काउंटरवर ॲलर्जीचा तक्ता मागितला, त्यात काही दिसलं नाही, म्हणून निर्धास्त खाल्लं. पण त्या तक्त्यात कायद्याने ठरवलेल्या १४ गोष्टीच असतात: अंडं, दूध, गहू, तीळ वगैरे. लार्ड ही ॲलर्जी नव्हे, त्यामुळे ते त्यात येतच नाही! ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात बनवून तिथेच आधी पाकीटबंद करून ठेवलेल्या पदार्थावर सगळे घटक छापावे लागतात, नताशाज लॉ म्हणतात त्याला. पण काचेमागचा सुटा बन त्या नियमात बसत नाही. म्हणून "व्हेजिटेरियन आहे का?" एवढंच न विचारता "पारीत लोणी आहे की लार्ड?" असं थेट विचारा. कुणी रागवत नाही, उलट आत जाऊन विचारून येतात.

पळसपान
केळफूल, फार कामाची माहिती. मी बारा वर्षं तो तक्ता बघून खात होतो. आता मागे वळून बघायची हिंमत नाही.

टेम्सकाठी
+१. आणि याच मुद्द्यावरून एकल्स केकचं सांगतो. मूळ मँचेस्टरजवळच्या एकल्सचा, पण लंडनमध्ये त्याला प्रतिष्ठा मिळाली ती सेंट जॉनमुळे. १९९४ मध्ये स्मिथफिल्डच्या मांसबाजाराशेजारी सुरू झालेलं रेस्टॉरंट. पापुद्र्यात ठासून भरलेल्या काळ्या मनुका, गरम मसाल्याचा वास, आणि सोबत लँकशर चीजचा भलामोठा तुकडा. गोड केक नि खारट चीज ऐकून मीही नाक मुरडलं होतं. गुळाच्या पोळीबरोबर लोणी खाणाऱ्याने नाक मुरडायला नको होतं, हे पहिल्या घासानंतर कळलं.

त्यांची पारी लोण्याची असते. पण शाकाहारी मंडळींनी चीजचं रेनेट, म्हणजे दूध गोठवायला घालतात ते, विचारून घ्यावं, कारण ते बऱ्याचदा वासराच्या पोटातलं असतं. आणि हो, ते रेस्टॉरंट नाकापासून शेपटीपर्यंत अख्खं जनावर खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. बोधचिन्हच डुक्कर. शेजारच्या टेबलावर भाजलेल्या नळ्या येतील. आईंना चालत नसेल तर त्यांच्या बेकरीतून पिशवीत घालून आणा नि घरी खा.

चिंचगूळ
नळ्या!! पिशवीच बरी.

दुधाणी
एवढं काय शोधताय, सरळ एखाद्या झकास हॉटेलात हाय टी घ्या. आयुष्यात एकदाच येणार आई-बाबा. पिकॅडिलीचं फोर्टनम अँड मेसन १७०७ पासून आहे, वरच्या मजल्यावरच्या टी सलूनचं उद्घाटन २०१२ मध्ये खुद्द राणीने केलंय. तीन मजली तबक, पियानो, चांदीची किटली. पैसे काय, पुन्हा मिळवता येतात.

पंतोजी
दुधाणी, क्षमस्व, पण तो हाय टी नव्हे, आफ्टरनून टी. हाय टी म्हणजे कामगारवर्गाचं संध्याकाळचं पोटभर जेवण, मांस-चीज-पावासकट, उंच जेवणाच्या टेबलावर बसून. आपल्याकडच्या हॉटेलांनी 'हाय' म्हणजे 'उच्चभ्रू' असा अर्थ लावून घोळ घातला. दुपारच्या चहाची टूम १८४० च्या दशकातली, बेडफर्डच्या डचेसच्या नावावर खपवली जाते. दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांत फार अंतर पडायचं म्हणून बाईंना चार वाजता भूक लागे.

अबोली७
चार वाजता भूक लागणं हा शोध आमच्या आजीच्या नावावर आहे. पुरावा: चिवड्याचा डबा.

सांजवारा
दुधाणींशी असहमत. सासू-सासऱ्यांना मी एका मोठ्या हॉटेलात नेलं होतं, नाव घेत नाही. दीड तासात टेबल रिकामं करायचं, स्कोन गार, आणि सासरे काकडीच्या सँडविचच्या चार बोटांएवढ्या पट्ट्या मोजत म्हणाले, "जेवण कधी आहे?" रात्री घरी येऊन पिठलं-भात टाकला तेव्हा कुठे शांत झाले. बाकी पियानो छान होता.

त्यापेक्षा साउथ केन्सिंग्टनचं व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम गाठा. संग्रहालयात उपाहारगृह असावं ही कल्पनाच जगात पहिल्यांदा तिथे राबवली. एक दालन विल्यम मॉरिसच्या कंपनीने सजवलेलं, हिरव्या भिंती, दुसरं डोळे दिपतील असं टाइल्सचं. काउंटरवरून हातात ट्रे घ्यायचा, स्कोन, जॅम, क्रीम, चहाचं भांडं. म्युझियमला प्रवेश फुकट. रेनर्स लेनहून पिकॅडिली लाइन थेट जाते, कुठे बदलायला नको.

चिंचगूळ
हे मस्तच. आता स्कोनवर आधी जॅम की आधी क्रीम? चारचौघांत चूक व्हायला नको.

पळसपान
आता बघा कसे दोन तट पडतात ते.

बोरीबंदर
आधी जॅम, वर क्रीम. कॉर्नवॉलची रीत. क्रीम हा मुकुट, तो खाली कसा घालणार?

सांजवारा
काहीही! आधी क्रीम, मग जॅम, डेव्हनची रीत. क्रीम लोण्याच्या जागी आहे. पोळीला आधी तूप लावता ना, की आधी साखरांबा वाढून त्यावर तूप सोडता?

बेरकीबुवा
आम्ही साखरांब्यावर तूप सोडतो. कुणाला काही म्हणायचंय?

पंतोजी
भांडण थांबवा. त्याआधी 'स्कोन' की 'स्कॉन' यावर या देशातली घरं फुटतात.

श्रूसबरीवाला
जरा अवांतर. आम्ही पुण्याचे, लहानपण कॅम्पातल्या कयानीच्या श्रूसबरीवर पोसलेलं. मागच्या वर्षी कामानिमित्त श्रॉपशरमध्ये खऱ्याखुऱ्या श्रूसबरी गावात होतो. मोठ्या ऐटीत दोन बेकऱ्यांत "श्रूसबरी बिस्किट" मागितलं. पहिलीत पोरीने ऐकलंच नव्हतं. दुसरीत एक आजी म्हणाल्या, माझी आई करायची, लिंबाची साल घालून. कधीकधी त्यात शहाजिऱ्यासारखं कॅरवेही घालत. पातळ, कुरकुरीत प्रकार दिसतोय एकूण, आपल्यासारखा लोण्याने जड नि जिभेवर विरघळणारा नव्हे. गावाने बिस्किट विसरून टाकलं आणि ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून त्याच नावाने रांग लागतेय. वर त्या गावातच श्रूसबरी म्हणायचं की श्रोझबरी यावर एकमत नाही. पुणेकर तरी ठाम आहेत.

दुधाणी
म्हणजे अस्सल ब्रिटिश खायला आई-बाबांना पुण्यालाच पाठवा. साताऱ्याहून दोन-अडीच तास, व्हिसा नको.

नाचणीसत्त्व
माझं मत जरा वेगळं. 'कुठे मिळेल' हा प्रश्न दुकानांच्या यादीने सुटणार नाही, कारण इंग्रजांचं बेकिंग मुळात घरचं आहे. आपण चकली कुठल्या हॉटेलात खातो? दिवाळीत शेजारणीकडे खातो. तसंच हे. जून म्हणजे चर्चच्या आणि शाळांच्या जत्रांचा मोसम. चर्चच्या कुंपणावर 'समर फेट' अशी पाटी दिसली की आत शिरा. एका टेबलावर गावातल्या बायकांनी करून आणलेले केक असतात: व्हिक्टोरिया स्पंज, लेमन ड्रिझल, कॉफी-वॉलनट, जिंजर केक. दोन-तीन पौंडांत जाडजूड तुकडा. विमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायकांचं टेबल असेल तर सोन्याहून पिवळं. ही संस्था ब्रिटनमध्ये १९१५ पासून आहे आणि जॅम-केकच्या बाबतीत त्यांचे परीक्षक आपल्याकडच्या पाककृती-स्पर्धेतल्या काकूंपेक्षाही कडक. आणि करणारी बाई समोरच उभी असते, लोणी की लार्ड तिलाच विचारा.

केळफूल
नाचणीसत्त्व, शंभर टक्के. दुकानात जे मिळत नाही ते मला कायम चर्चच्या टेबलावर मिळालंय.

जुनालंडनकर
उत्तर लंडनचा खास म्हणजे टॉटनहॅम केक. ट्रेमध्ये भाजलेला साधा स्पंज, चौकोनी तुकडे, वर गुलाबी आयसिंग. हेन्री चाकली नावाच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) बेकरचा, एका पेनीला तुकडा, कडेचे वाकडेतिकडे अर्ध्या पेनीला. गुलाबी रंग क्वेकरांच्या दफनभूमीतल्या तुतीचा. १९०१ मध्ये टॉटनहॅमच्या फुटबॉल संघाने एफए कप जिंकला तेव्हा पोरांना फुकट वाटला होता. वॉल्थमस्टोला राहत होतो तेव्हा पर्सी इंगलच्या दुकानातून दर शुक्रवारी घ्यायचो. पूर्व लंडनभर त्यांची दुकानं होती. २०२० मध्ये सगळी बंद झाली. चवीला काही विशेष नव्हता हो. पण ऑफिसातून येताना त्या पांढऱ्या कागदी पिशवीला गुलाबी डाग पडलेला असायचा.

पळसपान
चुकून डोळ्यांत पाणी आणलंत राव.

अबोली७
क्रम्पेट कसं कुणी सुचवलं नाही? यीस्टचं पातळ पीठ तव्यावर रिंगणात ओतायचं, उलटायचं नाही, वरून जाळी पडते. गोऱ्यांची आंबोळी! त्यासाठी कुठे जायलाही नको. सुपरमार्केटचं पाकीट आणा, चांगले लालसर होईस्तोवर टोस्ट करा, लोणी भोकांत मुरू द्या. बाबांचा गुडघा सोफ्यावरच राहील.

पंतोजी
अवांतरात अवांतर: जाफा केक (छोटा गोल स्पंज, वर संत्र्याची जेली नि चॉकलेट) हा केक की बिस्किट, यावर १९९१ मध्ये इथे खटला झालाय. केकवर व्हॅट नाही, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर आहे. शिळा झाल्यावर केक कडक होतो, बिस्किट मऊ पडतं, हा एक मुद्दा होता. जाफा कडक होतो. कंपनी जिंकली.

बेरकीबुवा
मग आमच्या आळीतल्या बेकरीची खारी मऊ पडते म्हणजे ती बिस्किट, आणि टोस्ट जन्मतःच कडक म्हणजे केक. न्याय झाला.

चिंचगूळ
मंडळी, चार आठवड्यांनी परत येतेय. काल आई-बाबांना विमानात बसवलं, घर रिकामं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

क्यूला गेलो. मेड ऑफ ऑनरचा पहिला घास घेऊन आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "खरवसाची करंजी आहे ही." टेम्सकाठी, तुमच्या सगळ्या वर्णनापेक्षा हे चपखल आहे, राग मानू नका. बाबांनी दोन खाल्ली.

व्ही अँड एमध्ये स्कोन. शंकरपाळ्याशी काहीच संबंध नाही म्हटल्यावर आई जरा हिरमुसली, नुसता तुकडा तोडून खाल्ला नि म्हणाली, "भाकरीसारखा कोरडा आहे." मग क्लॉटेड क्रीमची वाटी उघडली, वास घेतला. "अगं, ही तर साय! एवढं मोठं नाव कशाला?" आणि आधी साय फासली, वर जॅम. सांजवारा, तुमचा तट जिंकला. बोरीबंदर, मी त्यांना काहीही शिकवलं नव्हतं, शपथ. केंब्रिज आणि क्राउच एंड मात्र गुडघ्याने रद्द केलं, चेल्सी बन राहिला.

पण खरी धमाल नाचणीसत्त्व यांच्यामुळे. घराजवळच्याच चर्चची जत्रा होती. केकच्या टेबलामागे ऐंशीच्या आसपासच्या एक आजी. मी "लोणी की लार्ड" विचारलं तर त्यांनी असा चेहरा केला की जणू मी त्यांच्या संस्कारांवर शंका घेतली. बटर, ओन्ली बटर! आईने जिंजर केक घेतला. काळपट, चिकट, घशाला आल्याची झणझणी. खाता खाता म्हणाली, "हाच. पुस्तकातला हाच." मग मला मध्ये घालून दोघींचं जे सुरू झालं ते अर्धा तास. आजींनी रॅफलच्या, म्हणजे जत्रेतल्या सोडतीच्या तिकिटामागे कृती लिहून दिली, औंसांत. आईने रात्री बसून वाट्यांत केली.

पळसपान
कृती! कृती! कृती!

चिंचगूळ
ही आजींची, औंसांतली. सेल्फ रेझिंग पीठ ८ औंस, म्हणजे साधारण २२५ ग्रॅम. लोणी ४ औंस, काळी मऊ साखर ४ औंस, ब्लॅक ट्रीकल (साखर करताना उरणारा काळा दाट पाक) आणि गोल्डन सिरप (त्याचाच सोनेरी, सौम्य भाऊ) मिळून ६ औंस, दूध पाव पाइंट, अंडी २, सुंठ पूड ३ चमचे, खायचा सोडा अर्धा चमचा. लोणी, साखर, ट्रीकल, सिरप मंद आचेवर वितळवून कोमट करायचं, दूध-अंडी फेटून त्यात, मग सगळं पिठात. मिश्रण पातळच असतं, घाबरायचं नाही. १६० अंशांवर पाऊण ते एक तास. गार झाल्यावर कागदात गुंडाळून दोन दिवस हात लावायचा नाही, तेव्हा तो चिकट होतो. आमच्याकडे दोन दिवस राहिला नाही.

श्रूसबरीवाला
ब्लॅक ट्रीकल पुण्यात शोधायचं कुठे? काकवी चालेल का?

चिंचगूळ
आईला आत्ताच विचारलं, पोचली साताऱ्याला. म्हणाली, काकवीच घाल, पण पातळ असते म्हणून दूध दोन चमचे कमी. तिने पहिला घाणा उद्यासाठी ठरवलाय, शेजारच्या काकूंचा ओव्हन सांगून ठेवलाय.

बेरकीबुवा
सातारा. पत्ता कळवा.